बॅकअप आहे की!

‘बॅकअप आहे ना?’ ‘आहे की!’ इथवर ऑफिसात सगळं आलबेल असतं. ‘कधी रिस्टोअर करून पाहिलाय?’ असं विचारा, समोरच्याला लगेच महत्त्वाचा फोन येतो.

डिस्कची इमेज ही चीज तशी झकास. विंडोज, ड्रायव्हर, टॅली, श्रीलिपी, प्रिंटरची ती एकदाच जमलेली सेटिंग, सगळं एका फाइलीत. डिस्क मेली की नवी बसवा, इमेज ओता, मशीन पुन्हा उभं. जसंच्या तसं.

व्हायरसही जसाच्या तसा.

आता ही इमेज ठेवतात कुठे? डी ड्राइव्हवर! सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत, हे सांगायचं कुणी? डिस्क गेली की मूळ आणि नक्कल जोडीनेच जातात. कुणी फार शहाणा निघालाच, तर बाहेरची डिस्क घेतो आणि ती बारा महिने मशीनला लावूनच ठेवतो. रॅन्समवेअरला तेवढीच वणवण कमी.

सॉफ्टवेअर कुठलं? ‘घोस्ट’! न्यूझीलंडमध्ये जन्मलेलं हे घोस्ट सिमँटेकने 1998 मध्ये विकत घेतलं आणि त्यातलं ‘नॉर्टन घोस्ट’ 2013 मध्ये बंदही केलं. आपल्याकडे मात्र अजून ‘घोस्ट मारून देतो’ म्हणणारे भेटतात. तैवानची क्लोनझिला फुकट आहे, चांगली आहे. पण ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ उलटे निवडलेत, तर भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क इमानदारीत ओतली जाते. क्लोनझिला बिचारी पुसण्याआधी दोनदा विचारते.

आपण दोनदा ‘वाय’ दाबतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. गिटलॅब ही जगाचा कोड सांभाळणारी कंपनी. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या म्हणाल तर पाच-पाच तऱ्हा होत्या. ऐनवेळी एकही धड निघाली नाही. वाचवलं कुणी? कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या कॉपीने!

दक्षिण कोरियाने तर कमाल केली. सप्टेंबर 2025 मध्ये डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचे 858 टेराबाइट भस्म झाले. बाहेर प्रत नव्हती. का? तर म्हणे, डेटा फारच मोठा होता!

थोडक्यात असता तर वाचला असता.

आपल्या ऑफिसांत एवढा मोठा डेटा नसतो, त्यामुळे सबबही छोटीच लागते. तपासणीच्या फॉर्मवर ‘बॅकअप घेतला’ असा रकाना असतो, त्यात टिक असते, खाली सही असते. ‘परत आणून पाहिला’ हा रकाना का नाही? कोण छापेल? मग भरावा लागेल ना!

आणि समजा, इमेज आहे, शाबूत आहे, बाहेरच्या डिस्कवर आहे. ती ओतायची तर मशीन बूट करणारा पेनड्राइव्ह हवा.

तो फॉरमॅट करून साहेब प्रेझेंटेशन घेऊन नागपूरला गेलेत.