उतार दाराकडे

"वहिनी, कपडे वाळत घालताय तोवर ऐका. आमचं न्हाणीघर झालं एकदाचं!"

कुंपणापलीकडून वहिनींनी दातात धरलेला चिमटा काढला. "झालं? मग तोंड असं का?"

"उतार दाराकडे दिलाय मेल्यानं! बादलीभर पाणी ओतलं तर जाळीकडे ढुंकूनही बघत नाही. सरळ उंबरा ओलांडून हॉलमध्ये, पाहुण्यासारखं."

"घिसाडघाई, दुसरं काय!"

झालं, निवृत्त झाले तरी माझ्यातली मराठीची बाई जागी झाली. "घिसाडघाई कसली? 12 दिवस घोळ घातला त्यानं. आणि तो शब्द आधी मागे घ्या. घिसाड्यांवरून पडलाय ना तो? आमच्या गावच्या बाजारात यायचे. पालापुढे भाता, नवरा सांडशीत लाल लोखंड धरून बसलेला आणि बाई घण घालतेय, पदर खोचून. लोखंड गार पडायच्या आत विळ्याला आकार यायला हवा. ती घाई म्हणजेच त्यांची कारागिरी हो! बघणाऱ्यांना वाटलं, काम उरकतायत. बसला शिक्का."

"बरं बाई, मग पाट्या टाकल्या म्हणू?"

"तेही नाही. पाट्या टाकतो त्याचं मन कामात नसतं, तो दिवस भरत असतो. हा अगदी मन लावून करत होता. प्रत्येक फरशीवर पाणसळ ठेवायचा, डोळा बारीक करायचा, बुडबुडा बरोब्बर मधोमध आला की माझ्याकडे बघून हसायचा. मीही हसायचे! न्हाणीत बुडबुडा मधोमध म्हणजे चुकलंच की. फुटाला एखादं सूत तरी उतार हवा, बुडबुडा जाळीपासून लांब, चढाच्या बाजूला सरकायला हवा. यानं केली सपाट बैठक, आणि दाराशी ती केसभर खाली बसली."

वहिनींनी उशीचा अभ्रा झटकला. "गवंडी म्हणावं की कोण तो?"

"गवंडी दोन दिवस आला. मग थापी बिगाऱ्याच्या हातात देऊन गेला दुसऱ्या साईटवर. पोरगं विशीतलं. आता बिगार म्हणजे काय? फुकट राबवून घेणं. वेठबिगारी कायद्यानं बंद झाली 1976 साली, शब्द अजून घमेलं वाहतोय. रोज घेणाऱ्या पोराला आपण बिगारी म्हणतो, आणि वर त्यानं गवंड्याचं काम करावं ही अपेक्षा!"

"म्हणजे गचाळ काम म्हणायचं नाही?"

"गचाळ म्हणजे सांडलेलं, बरबटलेलं. याचे सांधे बघाल तर आरशासारखे. गचाळ तो नळवाला. नाही, तो थातूरमातूर. गळणाऱ्या नळाला चिंधी गुंडाळून गेला."

"आणि गलथान?"

"गलथान कारभार असतो हो, फरशी नाही. आपल्या कचरागाडीला ठेवा तो."

दोघी हसलो. कुंपणावरच्या जास्वंदीतून मांजर पळालं.

"मग याला म्हणायचं तरी काय?" वहिनी हट्टालाच पेटल्या. "एवढी भाषा शिकवलीत जन्मभर!"

"कच्चा हात. त्याला उतार कुणी दाखवलाच नव्हता. नाणं घेऊन फरश्या वाजवून बघितल्या मी, दोन-तीन सोडल्या तर पोकळ एकही वाजली नाही. तसली पक्की बसवलीय की आता उखडायचीही सोय नाही."

"पैसे कापलेत की नाही?"

मी उगाच जास्वंदीची वाळकी पानं खुडायला लागले.

"अहो, बोला की!"

"तो सामान धुऊन, पोत्यात भरून उभा राहिला दारात. पायावर सिमेंट वाळलेलं. म्हणाला, 'काकू, बघून घ्या. चालेल ना?'"

"मग?"

"म्हटलं, चालेल. वर चहा दिला."

वहिनींनी दोरीवरचा शेवटचा टॉवेल सारखा केला, घराकडे एकदा वळून बघितलं आणि आवाज खाली आणला.

"उक्तं किती घेतलं हो त्यानं?"