'सेम टू सेम' इंजिनाच्या विक्रेत्यांस खुले पत्र

प्रति,
जुन्या मोटारींच्या इंजिनांचे समस्त विक्रेते,
कुर्ला, मुंबई, तसेच जेथे जेथे भंगार, तेथे तेथे.

विषय : मारुती ८०० साठी वापरलेले इंजिन ओळखणे व बसवणे, 'सेम टू सेम' या तोंडी हमीबाबत.

महोदय,

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत तिच्या बॉनेटखाली मुख्यतः एकाच घराण्याचे इंजिन राहिले : एफ८बी, तीन सिलिंडर, बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, एकूण ७९६ सीसी. 'सगळी एकच, साहेब' हा विक्रेत्यांचा सिद्धान्त या आकड्यांवर उभा आहे आणि तो इथपर्यंत बिनतोड आहे. पुढील तपशील मात्र गिऱ्हाइकाला चहा पाजण्याच्या गडबडीत सांगायचे राहून जातात, म्हणून ते क्रमवार नोंदवण्यात येत आहेत.

१. ओळख. ऑम्नीतही हेच एफ८बी आहे. परंतु ऑम्नीत ते पुढच्या आसनांखाली लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. ८०० मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. त्यामुळे पिस्टन आणि रिंगा नात्यातल्या असल्या, तरी फाउंडेशनचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड आणि संप एकेक करून ताडून पाहावे लागतात. ऑल्टोचे इंजिनही तीन सिलिंडरचे आणि ७९६ सीसीचेच. पण ते एफ८डी. त्याच्या हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत, एफ८बीमध्ये दोन. तेव्हा '७९६ आहे ना, मग झालं' या वाक्याने ओळख पटत नाही. हेड, ब्लॉक आणि त्यावरचा क्रमांक पाहिल्यावर पटते.

२. क्रमांक. इंजिन क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि आरसी बुकातही, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातही, लिहिलेला असतो. काही ब्लॉकवर ही जागा इतक्या निगुतीने घासलेली आढळते, की बाकीच्या इंजिनाकडे त्याच्या निम्मे लक्ष दिले असते तरी ते विकायची वेळ आली नसती. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक चोरीच्या मालाची शक्यता दाखवतो. इंजिन कोणत्या गाडीतून निघाले त्याची कागदपत्रे आणि इंजिन क्रमांक लिहिलेले बिल, या दोन वस्तू मागताच काही दुकानांत अचानक जेवणाची सुट्टी होते. ग्राहकानेही अशा वेळी घरी जाऊन जेवावे.

३. प्रकृती. दुकानाच्या फरशीवर बॅटरी जोडून, पेट्रोलची बाटली टांगून इंजिन चालू करून दाखवण्याची कला वाखाणण्याजोगी आहे. तिच्यातली एकच उणीव अशी, की ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असते. थंड इंजिन चालू करताना निळा धूर आला तर ऑइल जळत आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असावे. हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. सर्वांत प्रामाणिक साक्षीदार कॉम्प्रेशन गेज. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा कमी भरल्यास त्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट पाहावे. 'आवाज ऐका ना, साहेब' हा या चाचणीला पर्याय नव्हे.

४. जुळवणी. सुरुवातीच्या ८०० कार्ब्युरेटरच्या, नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल पंप यांत्रिक, कॅमशाफ्टच्या जोरावर चालणारा. एमपीएफआयमध्ये तो विजेचा, टाकीतला, आणि जास्त दाबाने पेट्रोल देणारा. एमपीएफआयला शिवाय इंजेक्टर, सेन्सर, संगणक आणि त्यांचे वायरिंग लागते. ही सगळी वरात 'दोन वायरी जोडल्या की झालं' या हिशेबात बसत नाही. म्हणून जाणता मिस्त्री बऱ्याचदा हाफ इंजिनच घेतो : ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन बाजारातले; हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर गाडीचे स्वतःचे. जुन्या हेडला तडा नाही आणि त्याचा पृष्ठभाग वाकलेला नाही, एवढे आधी तपासावे लागते.

इंजिन चेन-पुलीवर लटकत असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचा मागचा ऑइल सील, क्लचप्लेट आणि फाउंडेशनचे रबर नवे घालावे. मागचा सील आणि क्लचप्लेट यांच्यापर्यंत हात पोहोचायला इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावेच लागतात. किरकोळ किमतीचा सील आज वाचवला, तर उद्या त्याच्यासाठी सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागते. टायमिंग बेल्ट चढवताना पुलींवरच्या खुणा जुळवणे अनिवार्य आहे. 'अंदाजाने बरोबर आहे' ही खूण त्यांवर कोरलेली नसते.

५. कागद. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि केलेला बदल १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी, व नंतर दर ५ वर्षांनी, तपासणी करून नूतनीकृत होते. बहुतेक ८०० ही मर्यादा ओलांडून गेल्या आहेत. त्या तपासणीत ब्लॉकवरचा क्रमांक आणि आरसी बुकातला क्रमांक समोरासमोर येतात आणि तेव्हा 'सेम टू सेम' म्हणण्यासाठी विक्रेता हजर नसतो. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. अपघातानंतर कळवणे उशिराचे ठरते.

सबब, विक्रेत्यांनी यापुढे 'सेम टू सेम' ही हमी इंजिनाच्या प्रकारासह, क्रमांकासह आणि तिन्ही सिलिंडरच्या आकड्यांसह बिलावर लिहून द्यावी, ही विनंती.

कळावे,
बॉनेट उघडून उभा असलेला ग्राहकवर्ग

प्रत माहितीसाठी :
१) गॅरेजचे मिस्त्री : जुने इंजिन भंगारात घालण्यापूर्वी कामाचे सुटे भाग काढून घ्यावेत.
२) ग्राहकाचे मेव्हणे, ज्यांच्या ओळखीचा 'एकदम खात्रीचा माणूस' आहे : कॉम्प्रेशन गेज घेऊन सोबत यावे.