मास्तरांचे पंधराशे तास

भाड्याने आणलेल्या वस्तूला मास्तर हात लावत नाहीत, आणि विकत घेतलेल्या वस्तूला हात लावायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. मेहकर आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. कंडक्टरला मास्तर म्हणायची एसटीत रीत आहे. आमच्या हिवरा आश्रम गावात घर बांधून राहायला आले तेव्हा सामानाच्या ट्रकातून ती पदवीही आली. उभी हयात चिखली, लोणार, जानेफळ, साखरखेर्डा करण्यात गेली. माणूस तिकीट काढतो, बसतो, डुलक्या घेतो, उतरून जातो, आणि सीट जिथल्या तिथं राहते, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की त्यांच्या मनाने एक कायमची गाठ मारून घेतली : भाडं भरणाऱ्याच्या हाती शेवटी काही लागत नाही. त्यांच्या हातात तर भाडं भरणाऱ्यांचेच पैसे असत, पण तेही रोज संध्याकाळी डेपोत भरावे लागत.

म्हणून त्यांच्या घरी सगळं विकतचं. वीस फुटांची शिडी आहे. ती गल्लीतला प्रत्येक जण नेतो, मास्तर तेवढे चढत नाहीत, कारण त्यांना वर गेलं की गरगरतं. लेकीच्या लग्नात मंडपवाल्याने भांड्यांचं भाडं सांगितलं, तेव्हा मास्तरांनी थेट दुकान गाठून पातेली, पराती, कढया, झारे आणि दोनशे ताटं खरेदी केली. लेक एकच. ती आता पुण्यात, भांडी माळ्यावर. काकू वर्षातून एकदा ती खाली काढून घासतात आणि घासताना जे बोलतात ते ऐकायला आम्ही कान देऊन असतो.

तर अशा माणसाच्या घरामागे तीन गुंठे मोकळी जागा होती आणि निवृत्तीचे पैसे बँकेत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर राहणं बरं नव्हे.

मास्तरांना परसबाग करायची होती. आंबे सहा, एक शोषखड्डा, कुंपणाकडेला मेंदी लावायला चर आणि जमलं तर कमळाचं एक छोटं तळं. गावातल्या विवेकानंद आश्रमाच्या कृषी महाविद्यालयातल्या एका पोराने सांगून ठेवलं होतं की आंब्याला खड्डा मीटरभर लांब, मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल पाहिजे, आणि तो उन्हाळ्यातच काढून तापू द्यायचा. कागदावर हे सोपं आहे. पण आमची माती काळी. पावसात ती पायताण ओढून घेते आणि एप्रिल-मेमध्ये तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. कुदळ मारली तर कुदळच परत वर येते. मजूर आला, त्याने एक घाव घातला, मास्तरांकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेला.

मग जेसीबी. पण घराशेजारची बोळ पाच फुटांची आणि जेसीबीचं धूड रुंदीला सात-साडेसात फूट. इथे मास्तरांच्या मोबाइलवर छोटा पोकलेन आला. मीटर-सव्वा मीटर रुंदीचा, रबरी पट्ट्यांवर चालणारा, परदेशातल्या कुण्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या फुलबागेत गुलाबांना धक्का न लावता खड्डे घेणारा. मास्तरांनी तो व्हिडिओ मला दाखवला, काकूंना दाखवला, दूधवाल्याला दाखवला. मेहकर-चिखलीकडे असलं मशीन भाड्याने मिळतं का, याची चौकशी त्यांनी केली असेल असं मला वाटत नाही. त्यांचं पहिलं वाक्यच होतं, "केवढ्याले पडते हे?"

पडतं पंधरा-वीस लाखांना. मास्तरांनी अठरा धरले.

एसटीतल्या जुन्या वेबिलाच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला गेला. मोठ्या जेसीबीचा गावातला दर तासाला बाराशे. अठरा लाख भागिले बाराशे, बरोबर पंधराशे. मास्तरांनी पंधराशेभोवती दोनदा गोल काढला आणि म्हणाले, "पंधराशे तास चालवलं की मशीन फुकट!"

"तीन गुंठ्यांत पंधराशे तास खोदल्यावर घर कशावर उभं राहील?" मी विचारलं.

"बाकीचे तास भाड्यानं देऊ ना," मास्तर म्हणाले. भाड्याला जन्मभर शिव्या घातलेल्या माणसाला भाडं घेण्यात वावगं वाटलं नाही. तसं बघितलं तर त्यांची सगळी नोकरी तीच होती.

मी त्यांना जेसीबीच्या मूळ पुरुषाची गोष्ट सांगून पाहिली. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या इंग्रजाने १९४५ मध्ये उटॉक्सेटर गावी एका पौंडाचं वेल्डिंग यंत्र घेतलं, युद्धातल्या भंगारातून एक ट्रॉली जोडली आणि बाजारात नेऊन पंचेचाळीस पौंडांना विकली. त्याच्याच नावाची आद्याक्षरं आज आपल्या लग्नाच्या वरातीत आणि पुढाऱ्याच्या मिरवणुकीत फुलं उधळतात. पण त्याने हे सगळं केलं ते बारा बाय पंधरा फुटांच्या गॅरेजात, आणि गॅरेज भाड्याचं होतं.

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "भाडं भरून कटाळला असंल, म्हणून तर कारखाना काढला!"

काकूंचा मुद्दा जवळचा होता. "विवेकानंद जयंतीले आश्रमात लाखानं मानूस जेवते. पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टरात भरभरून वाढतात. आता एका दिवसाच्या पंगतीसाठी आश्रम काढणाऱ्या शुकदास महाराजांनी दर पंगतीले एक असे ट्रॅक्टर इकत घेऊन ठेवले होते का? गावगावचे येतात, वाढतात, घरी जातात. अन् तुमाले सहा खड्ड्यांसाठी मशीन पाह्यजे."

याला उत्तर नव्हतं. मास्तर म्हणाले, "तो धर्माचा भाग झाला," आणि गिऱ्हाइकं गोळा करायला बाहेर पडले.

होकार द्यायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे गावात मशीनची गरज नसलेला माणूस सापडेना. कुणाला पाइपलाइनची नाली, कुणाला संडासाचा खड्डा, कुणाला गोठ्यामागचं शेण हलवायचं होतं. मास्तर तासांची बेरीज करत गेले. कागदावर चारशे तास झाले तेव्हा सवलती निघाल्या. एक आजोबा म्हणाले, "मह्यं वय पंच्याहत्तरीच्या वर हाये. एसटी फुकट नेते, तुमचं मशीन कितीत खणंल?" दुसऱ्याचं म्हणणं, शेत बायकोच्या नावावर आहे, तेव्हा एसटीत बायकांना लागतं तसं अर्धं तिकीट लागावं. २०२२ आणि २०२३ मध्ये सरकारने एसटीत या दोन सवलती सुरू केल्या तेव्हा मास्तर निवृत्त होऊन घरी बसले होते. नेमक्या त्यांच्याच दारात त्या अशा येतील, असं सरकारलाही वाटलं नसेल. बाकीच्यांनी "आपलेच मास्तर" एवढंच म्हटलं, आणि याचा अर्थ नोकरीत असल्यापासून मास्तरांना ठाऊक होता.

खरा घाव घातला जेसीबीवाल्या पोराने. बुलढाणा जिल्ह्यात २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेच्या सुजलाम सुफलाम मोहिमेत गाळ काढायला मशीनं आली, गावोगावचे तलाव उकरले गेले, त्या धुळीत हा पोरगा लिव्हर धरायला शिकला. आता मालकाकडे पगारावर आहे. सकाळी मशीन सुरू करण्याआधी तो ग्रीसगन घेऊन एकेका सांध्याला ग्रीस भरतो, जुनं काळं ग्रीस बाहेर आलं की बोटाने पुसून टायरला लावतो. ते करता करताच बोलला.

"मास्तर, तास धरले ते बरोबर हायेत. पन बाराशे सगळे तुमचे थोडेच! चार-साडेचारशेचं डिझेल हे पिते. मह्या पगार, भत्ता. ग्रीस, ऑइल. बकेटचे दात झिजतात. हायड्रोलिकचा पाइप फुटला की त्या दिवशी काम बंद, अन् तो पाइप फुटते त शनवारी संध्याकाळीच. हे सगळं काढून हाती पाचशे राह्यले त छत्तीसशे तास झाले. अन् छोट्या मशीनले बाराशे देईन कोन?"

मास्तर गप्प. पण त्यांच्याकडेही एक पत्ता होता, आणि तो खोटा नव्हता. "भाड्याचं मशीन आपल्याले पाह्यजे तवाच समद्या गावाले पाह्यजे असते. पाडव्यापासून मृगापर्यंत तुह्या मालक फोन तरी उचलते का?"

"नाई उचलत," पोराने मान्य केलं. "अन् मृग लागला की तोच मालक लोकाईले फोन करते. चार महिने मशीन शेडात अन् बँकेचा हप्ता चालूच. तुमच्या शेडात राहीन मंग."

मला विचाराल तर या वादात पोरगा जिंकला. पण मास्तरांनी पत्ता टाकला तो खराच होता, आणि विकत घेणारी माणसं त्या एका पत्त्यावरच विकत घेत असतात. त्यांना मशीन नको असतं. मे महिन्यात फोन न उचलणाऱ्या माणसाचं तोंड पाहावं लागू नये, एवढंच हवं असतं. त्यासाठी अठरा लाख ही किंमत जास्त आहे, पण मागणी समजण्यासारखी आहे.

शेवटी मास्तर भाड्याच्या जेसीबीवर आले. बोळीचा प्रश्न मागच्या शेतकऱ्याने सोडवला. त्याचा हरभरा कधीच निघून गेला होता, रान रिकामं होतं. कुंपणाची तार दोन खांबांपुरती सोडली की मोठा जेसीबी शेतातून थेट परसात. एवढी साधी गोष्ट अठरा लाखांच्या सावलीत कुणाच्या लक्षात आली नव्हती. नाडेप खताच्या खड्ड्याचंही तसंच झालं. मास्तरांनी तोही यादीत घातला होता. पुसदच्या नाडेपकाकांची ती पद्धत म्हणजे दहा बाय सहा फुटांचं, तीन फूट उंच, भोकाभोकांचं विटांचं टाकं असतं आणि ते जमिनीच्या वर बांधायचं असतं, हे काकूंनी सांगितलं. खोदायला काही उरत नाही म्हणून मास्तरांनी तो बेतच रद्द केला.

जेसीबी आला तो दिवस मास्तरांनी ड्युटीवर असल्यासारखा काढला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. शेताच्या बांधावर उभं राहून त्यांनी हात हलवत मशीन आत घेतलं, दोनदा शिट्टीही वाजवली. मग पायरीवर चढून आतल्या मीटरचा आकडा उतरवून घेतला : ७३१२.४.

काम बघण्यासारखं होतं. बकेटचे दात मातीला टेकले, पोराने नुसतं मनगट वळवलं आणि कुदळीला दाद न देणारी जमीन केकच्या वडीसारखी कापून वर आली. खाली दोन-अडीच फुटांवर पिवळा मुरूम लागला. पोरगा प्रत्येक खड्ड्याच्या काठी बकेटच्या पाठीने माती थापटून कड नीट करत होता. पगाराच्या माणसाकडून इतकी निगुती मास्तरांना अपेक्षित नसावी. सहा खड्डे, शोषखड्डा आणि चर, सगळं आटोपलं तेव्हा मीटरवर ७३१३.६ होते.

"एक तास दोन मिनिटं," मास्तर म्हणाले.

"एक पॉइंट दोन तास, मास्तर. पॉइंटामागं सहा मिनिटं असतात. म्हंजे भात्तर मिनिटं."

मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताळा केला. घड्याळ एक्काहत्तर दाखवत होतं. त्या एका मिनिटावर पाच मिनिटं चर्चा झाली. मग पोराने हळूच सांगितलं की येण्याजाण्याची खोटी असते म्हणून दोन तासांच्या आत मालक पैसे घेतच नाही, काम कितीका असेना.

दुसऱ्या कुणी इथे हुज्जत घातली असती. मास्तरांचा चेहरा उलट खुलला. "मंग उतरतो कायले? लोणारचं तिकीट काढल्यावर सुलतानपुरात कोन उतरते? अठ्ठेचाळीस मिनिटं राह्यली आपली. खन."

"काय खनू?"

"तळं."

पोराने काकूंकडे पाहिलं. काकूंनी आभाळाकडे पाहिलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि तिकीट संपेपर्यंत थांबलं नाही. कमळाला घमेलंभर पाणी पुरतं. इथे खोलीएवढा खड्डा झाला. आणि उकरलेली माती फुगते, ज्या खड्ड्यातून आली त्यात मावत नाही, हे कळायला तो ढीग पाहणं पुरेसं होतं. तीन गुंठ्यांत जागा उरली नव्हती म्हणून ढीग आंब्याच्या चार खड्ड्यांवर गेला. मास्तरांनी चोवीसशे रुपये मोजून दिले, वर पोराला चहा पाजला आणि पावती मागितली.

मृग लागला. काळ्या मातीतून साचलेलं पाणी जाता जात नाही. खड्डा काठोकाठ भरला, कमळ काही लागलं नाही, डास मात्र एका आठवड्यात लागले. आधी शेजाऱ्यांनी कुरकुर केली, मग काकूंनी. मास्तर वेबिलाचा कागद घेऊन ओट्यावर बसले. पाणी उपसायला मोटर भाड्याने मिळते, पण भाडं दिवसाचं. विकत घेतली तर पुढच्या वर्षीही हा खड्डा आहेच. त्यांनी दोन दुकानांतले दरही विचारून ठेवले होते.

काकू काही न बोलता शिडी लावून माळ्यावर चढल्या. वरून एक पातेलं खाली आलं, मग दुसरं, मग कढई, मग परात. गल्लीतली पोरं गोळा झाली, पाण्यात उतरली, हातोहात पातेली फिरू लागली आणि चिखलाचं पाणी चरातून शेताकडे वाहायला लागलं.

मास्तर हे सारं पाहत ओट्यावर उभे राहिले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"आता सांगा. त्या टायमाले भांडी भाड्यानं आनली असती, त आज काय केलं असतं?"