परतीचं कारण : वाजते

कोल्हापुरात पुढं असा दिवस येईल, की वस्तू विकणं सोपं होईल आणि ती विकलेली राहणं अवघड होईल, असं महाद्वार रोडवरच्या कुणा जुन्या दुकानदाराला सांगितलं असतं, तर त्यानं चहा पाजून वाटेला लावलं असतं. त्याच्या गल्ल्यामागं पाटी असायची : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' शेजारी अंबाबाईचा फोटो. सकाळी दोन्हींपुढून एकच उदबत्ती फिरायची, त्यामुळं गिऱ्हाइकाला पाटीसुद्धा देवीचा कौल वाटायची.

पाटी असली तरी माल परत यायचाच. चपलेचा अंगठा निसटला म्हणून महिन्याभरानं गिऱ्हाईक दारात उभं राहायचं. दुकानदार "आण हिकडं" म्हणायचा, चप्पल मागं बसलेल्या कारागिराकडं भिरकावायचा. तो दोन टाके मारायचा, तेलाचं बोट फिरवायचा, तेवढ्यात साखर कारखान्यांबद्दल गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं एकमत व्हायचं आणि विषय कट. पुरावा कुणी मागत नव्हतं. चप्पल हाच पुरावा, आणि तो चालत यायचा.

माझा भाचा या धंद्यात उतरला तो दुकान न घेता. सुभाषनगर, जवाहरनगरातल्या कारागिरांकडून माल उचलायचा, बहिणीच्या हॉलमध्ये फोटो काढायचे आणि मोबाइलवरून खरेदीच्या पोर्टलवर विकायचं. सोफ्यावर आता पाहुण्यांऐवजी सात नंबर, आठ नंबर बसतात. मी जिल्हा न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालो. वादी, प्रतिवादी, कैफियत, तारीख यांत हयात गेली. त्यामुळं भाचा एका संध्याकाळी येऊन "मामा, डिस्प्यूट आलाय, इंग्रजीत चार वळी लिवून द्या की" म्हणाला, तेव्हा मला सेवेत परत घेतल्यासारखं वाटलं. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला मिळावं म्हणून वकील मंडळी चार दशकं झगडली, तेव्हा कुठं ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. बहिणीच्या हॉलमधलं बेंच त्याआधीच बसलं होतं. आणि तिथं तारीख मिळत नव्हती. दोन दिवसांत उत्तर द्या, नाहीतर एकतर्फी निकाल.

माल परत का करतोय, हे गिऱ्हाइकाला लिहावंही लागत नाही. पोर्टलवर कारणांची तयार यादी असते, त्यातलं एक दाबायचं. आमच्या वाट्याला जास्त येणारं 'माप बसत नाही'. आता कोल्हापुरी चप्पल पहिल्याच दिवशी बसली, तर ती कोल्हापुरी कसली? बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते. आधी चावतं, मग तेल पितं, मग पायाचा आकार घेतं, आणि त्यानंतर सख्ख्या भावाच्याही पायाला दाद देत नाही. हा नवा संसार मार्गी लागायच्या आतच परतीचं बटण दाबलं जातं.

खऱ्या संसारांचं तर आणखी वेगळं. तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरी वाढतात. डोक्याला फेटा, अंगात शेरवानी आणि पायात कापशी चप्पल, हा नवरदेवाचा गणवेश झालाय. लग्न उरकलं, पूजा झाली, की चप्पल परत. कारण : 'आता गरज नाही'. एका जोडाच्या वेणीत हळदीनं पिवळी झालेली अक्षता अडकलेली होती. बहिणीनं कपाळावरचा चष्मा खाली ओढून ती नखानं उचकटायला घेतली, तसा मी ओरडलो, "हात लावू नकोस, मुद्देमाल आहे." टाचेला केकचं क्रीम होतं. तळवा मात्र असा घासलेला, की वरातीत नवरदेव घोड्यावर कमी आणि बँडपुढं जास्त होता, हे कुठल्याही पंचाला कळलं असतं. मी कैफियत लिहिली : 'सोबतच्या छायाचित्रातील तांदळाचा दाणा हा आमच्या पॅकिंगचा भाग नाही.' तासाभरात उत्तर आलं. गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला क्लेम नामंजूर करण्यात येत आहे, आपला दिवस आनंदात जावो. बहीण म्हणाली, "चप्पल आमची, लगीन त्येंचं. निदान जेवायला तरी बोलवायचं."

दुसरा एक खोका उघडला, तर त्यात रबरी स्लिपर निघाली. नवी नव्हे. पट्टा तुटलेला आणि तिथं सेफ्टी पिन. तेव्हापासून घरात चित्रीकरण सुरू झालं. माल जाताना पॅकिंगचा व्हिडिओ, येताना उघडण्याचा व्हिडिओ. मध्ये कट चालत नाही, लेबल स्पष्ट दिसलं पाहिजे, खोका सहाही बाजूंनी फिरवला पाहिजे. भाचा एका हातात मोबाइल धरून दुसऱ्यानं कात्री चालवतो. मागून दाजी विचारतात, "आजचा पेपर कुणी नेला?" कुकरच्या शिट्ट्या होतात. हा सगळा ऐवज पुरावा म्हणून बेंगळुरूला की गुरुग्रामला कुठंतरी जातो, आणि तिथला कुणीतरी तो पाहून कळवतो, की लेबल मध्येच हाताच्या सावलीत गेल्यामुळं पुरावा ग्राह्य धरता येत नाही. दाजींचा पेपर मिळाला का, हे कुणी विचारत नाही.

एवढं सोसूनही त्या जुन्या पाटीसाठी मला रडू येत नाही. तिच्या आड आपल्या बाजारानं काय काय खपवलं, हे मी न्यायालयाच्या फायलींत वाचलंय. जुलै २०२० मध्ये केंद्राचे ई-कॉमर्स नियम आले : माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच, की गिऱ्हाइकाच्या पाठीशी जिल्ह्याचा ग्राहक आयोग आहे, २४ डिसेंबरला त्याचा राष्ट्रीय दिवस असतो, भाषणं होतात. विकणाऱ्याच्या पाठीशी 'मी आपली काय मदत करू शकते?' म्हणणारी चॅटची खिडकी आहे. तिला सगळं सांगून झालं की ती पुन्हा तेच विचारते.

पोर्टलची भांडणं तरी घरातली म्हणायची. कार्डाची भांडणं म्हणजे भाऊबंदकी. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी भाच्यानं स्वतःची छोटी वेबसाइट काढली आणि तिथं आमची चार्जबॅकशी गाठ पडली. कार्डवाला दुकानदाराशी बोलतच नाही. तो थेट आपल्या बँकेला सांगतो, की हा व्यवहार माझा नव्हे, किंवा माल आला नाही, किंवा आला तो भलताच. बँक कार्ड कंपनीमार्फत पैसे उलटे फिरवते. आपल्या खात्यातून रक्कम जाते, वर दंडासारखी फी जाते, आणि मग आपल्याला कळवतात, की तुमचं म्हणणं काय ते मांडा. आधी फाशी, मग उलटतपासणी. म्हणणं मांडूनही तिढा सुटला नाही, तर शेवटी कार्ड कंपनीचा लवाद. त्याची फी शेकडो डॉलर. तेवढ्यात आम्ही त्या माणसाला घरातल्या सगळ्यांसकट चपला फुकट घातल्या असत्या.

याचं मूळ अमेरिकेत. तिथं १९७४ साली कायदा झाला आणि बिलातल्या चुकीबद्दल कार्डवाल्याला भांडायचा हक्क मिळाला. आता कार्ड कंपन्या बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत देतात. १२० दिवसांत कोल्हापुरी चप्पल चावायची थांबलेली असते, आणि गिऱ्हाईक चावायला लागतं. आपल्याकडं २००९ पासून ऑनलाइन कार्डाला जादा खात्री लागते, त्यामुळं ओटीपी टाकून बसलेला माणूस 'मी नव्हेच' म्हणायला जरा कचरतो. परदेशी कार्डाला बहुधा तोही अडथळा नसतो.

टेक्सासच्या एका गृहस्थानं दोन जोड मागवले. पार्सल पोचलं, सहीसुद्धा झाली. पुढच्या महिन्यात चार्जबॅक : 'व्यवहार ओळखीचा नाही'. भाच्यानं फोन लावला, तो वहिनींनी उचलला. कार्डाच्या बिलात कोल्हापूरच्या एका खत-बियाणांच्या दुकानाचं नाव होतं. ते दाजींचं. जीएसटीचा नंबर, बँकखातं, सगळं त्याच जुन्या फर्मच्या नावावर, आणि वेबसाइटचे पैसे तिथंच जमा होत होते. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्याकडं तुळशीची कुंडी सोडली तर माती नाही. आणि हे दोनशे डॉलरचं खत कुठं टाकणार?" मागून गृहस्थांचा आवाज, "काय झालं गं?" त्यांच्या चालण्याबरोबर चपलेचा आवाजही फोनवर येत होता. भाचा म्हणाला, "वहिनी, तेच खत ते. साहेबांच्या पायात हाय." बाई भल्या, त्यांनी बँकेला लिहून तक्रार मागं घेतली. रक्कम परत आली. फी आली नाही. तक्रार खोटी ठरली तरी कोर्ट फी परत मिळत नाही, हे तत्त्व अमेरिकेतही पोचलंय, एवढंच माझं समाधान.

आता मोठ्या दरबारातलं सांगतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं मॉडेलांच्या पायात जे घातलं, ते बघून अख्ख्या कोल्हापुरानं 'व्यवहार ओळखीचा आहे' अशी उलटी तक्रार केली. आमच्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. सीमाप्रश्नावर जे जमलं नाही, ते चपलेनं जमवलं. प्राडानं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. मधल्या काळात काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जुलैतच फेटाळली गेली : मानांकन दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर, तुम्ही कोण? म्हणजे ज्याचं कार्ड, त्यानंच तक्रार करायची. माझा कारकुनी जीव सुखावला. डिसेंबरात त्याच महामंडळांशी प्राडाचा करार झाल्याचं जाहीर झालं. २,००० जोड, किंमत ८०० युरोंच्या आसपास. बातमी वाचून भाच्यानं एकच विचारलं, "मामा, त्येंची चप्पल चावली तर परत घेत्यात का?"

या सगळ्यांत मला आवडलेला खटला मात्र वेगळाच. बेंगळुरूच्या एका तरुणानं कापशी परत केली. कारण : 'सदोष'. खाली त्यानं टंकलं होतं, की चालताना करकर आवाज येतो, ऑफिसात सगळे वळून बघतात. आमच्या कारागीर काकांना हे वाचून दाखवलं. काका पिढीजात, सेनापती कापशीकडचे. ते हातातली आरी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिले. "वाजती म्हणून परत? अवो, वाजावी म्हणून तर रातभर जागतोय." पूर्वी पाटील गल्लीत शिरला की चप्पल आधी वर्दी द्यायची, पोरं पत्ते लपवायची, सुना पदर सावरायच्या. आवाज हाच तिचा डौल. मी तीन पानी कैफियत लिहिली. परंपरा, कातड्याचे थर, टाच, पाटील, सगळं घातलं. निकाल : 'हे वैशिष्ट्य वस्तूच्या वर्णनात नमूद नाही.'

मुद्दा कायद्याला धरून होता. वर्णन बदललं. मीच लिहिलं : 'चालताना भारदस्त करकर आवाज येईल. हा दोष नसून या चपलेची ओळख आहे.' त्यानंतर आवाजाची तक्रार थांबली. भाचा खूश झाला, बहिणीनं मला खास पुरणपोळी केली.

मग पुण्याहून एक जोड परत आला. कारण : 'वर्णनाप्रमाणे नाही'. सोबत व्हिडिओ. कोथरूडच्या बाजूचा स्वच्छ हॉल, पांढऱ्या फरश्या, आणि एक किडकिडीत गृहस्थ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गंभीरपणे चालताहेत. कट नाही, लेबल स्पष्ट, कुकरची शिट्टीसुद्धा नाही. उजवी वाजतेय, डावी गप्प. खाली मजकूर : 'वर्णनात नमूद केलेला आवाज केवळ पन्नास टक्के प्राप्त झाला आहे. सबब अर्धी रक्कम परत मिळावी.'

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी काकांकडं बघितलं. काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला, डावी चप्पल खोक्यातनं काढून हातानं दुमडली. ती चांगली करकरली.

"चपलेत काय खोट न्हाई," काका म्हणाले. "ह्यास्नी लिवा, जरा पोटभर जेवत जावा. वजन पडल्याबिगर वाजंल कशी ती?"