विरजण

बॅकअपचं सेटिंग आमच्याकडे कोणी लिहीत नाही. शेजारच्या टीमकडून विरजण मागावं तसं मागून आणतो. वेळ रात्री दोनची, प्रती सात. का, ते विचारायचं नाही, पूर्वजांनी ठरवलंय. मागे एकदा डेटाबेसचं नाव बदलायचं राहिलं आणि महिनाभर आम्ही शेजाऱ्यांचाच डेटा भक्तिभावाने जपला. अहवाल रोज हिरवागार!

थोरामोठ्यांचंही असंच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवणाऱ्या सेवेत चुकून सुमारे ३०० जीबी डेटा पुसला गेला. रोजचा बॅकअप, म्हणजे डम्प, शोधला तर कोठार रिकामं. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, डम्प घेणारं हत्यार मात्र ९.२ चं. ते रोज इमानेइतबारे नापास होत होतं, तशी ईमेलही पाठवत होतं. पण ती ईमेल पलीकडचा सर्व्हर दारातूनच परत धाडत होता. लाज राखली ती एका इंजिनिअरने सहा तास आधी, भलत्याच कामासाठी, हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. वेळापत्रकात तो नव्हताच.

तुमचं ‘यशस्वी’ ठीक आहे हो, पण ती बॅकअपची फाइल शेवटची उघडलीत कधी?