साडेतिनातला अर्धा

आमच्या तलवाड्यात माणसाचं बारसं दोनदा होतं. पहिलं आत्या करते. ते नाव आधार कार्डावर जातं. दुसरं पारावर होतं. ते मरेपर्यंत चालतं. माझं पारावरचं नाव अर्ध्या. चौथीत गॅदरिंगला भाषण अर्ध्यावर विसरलो आणि तिथल्या तिथं नाव पडलं. पुढं हॉटेलात "अर्ध्याला हाफच दे रं", एसटीत "ह्याचं हाफ तिकीट फाडा". सुपारी फुटली त्या दिवशी तर एका चुलत्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "पोरगं पूर्ण बघितलंय ना?"

आईला वाटायचं, साडेसाती आहे. शनीचं राक्षसभुवन आमच्याच गेवराई तालुक्यात, गोदेकाठी. तिथं तिनं माझ्या नावानं तेल वाहिलं. शनी बिचारा निर्दोष होता. तो साडेसात वर्षांनी तरी मुक्काम हलवतो, टोपणनावाला तेवढीही मुदत नसते.

खरा घोळ गाव सोडल्यावर कळला. गावातली चार टाळकी मला अधूनमधून अर्ध्या म्हणायची. शहरात नोकरी लागल्यावर ते काम मी स्वतःच फुल टाइम करू लागलो. साहेबांनी कागद दुरुस्तीला परत धाडला की आतून आवाज यायचा, "अर्ध्या तो अर्ध्याच!" त्यासाठी गावाकडून कुणाला बोलवावं लागत नव्हतं.

अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर सांगत राहिला की, नाव ठेवायचं तर कृतीला ठेवा, अख्ख्या माणसाला ठेवू नका. भाषण अर्धं राहिलं, कबूल. त्यावरून माणूस अर्धा कसा? हे पटलं. पण परदेशी औषधाला गावठी अनुपान लागतंच. ते राक्षसभुवनातच सापडलं.

१० ऑगस्ट १७६३ ला तिथं मराठ्यांनी निजामाच्या फौजेला धूळ चारली. पानिपताला अजून तीन वर्षंही झाली नव्हती. थोरले माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. आदल्याच वर्षी काका राघोबादादांनी पुतण्याला नमवून कारभार हातात घेतला होता. राक्षसभुवनला तेच काका शत्रूच्या तावडीत सापडले आणि पुतण्यानं धावून जाऊन सोडवलं. "आधी चुकलो म्हणा, मग सोडवतो" अशी अट घातली नाही. मी त्या चुलत्यांच्या माफीची वाट बघत किती दिवाळ्या वाया घालवल्या!

पण माझं औषध पुढंच आहे. त्या लढाईत निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी हा एक. तो, देवाजीपंत चोरघडे आणि सखारामबापू बोकील हे तीन पुरे शहाणे. अर्धे म्हणजे नाना फडणवीस. अक्कल भरपूर, पण तलवारीच्या नावानं पूज्य, म्हणून अर्धे म्हणतात. पुरा शहाणा राक्षसभुवनात संपला. अर्ध्यानं १८०० सालापर्यंत पुण्याचा कारभार हाकला. एवढ्या लायकीचं टोपणनाव पारावर फुकटात मिळालं होतं आणि मी ते तोंड लपवत वापरत होतो.

परवा नवरात्रात गावच्या त्वरितादेवीच्या टेकडीवर जाताना मधेच टेकलो. मागून हाक आली, "अर्ध्या, अर्ध्यातच दम लागला व्हय रं?"

"दम कशाचा?" म्हटलं. "नाना फडणवीसही बसूनच राज्य चालवायचे."