दिवाळीच्या सुट्टीत कादंबरी कशी लिहावी

हे मार्गदर्शन हिंगोली जिल्ह्यातल्या होतकरू कादंबरीकारांसाठी आहे. उमेदवार शक्यतो जिल्हा परिषद शाळेत गुरुजी असावा. त्याला दिवाळीची सुट्टी हवी आणि चार-पाच एकर सोयाबीनही हवंच. रान नसेल तर न लिहिण्याचं निम्मं कारण हातचं जातं.

सुट्टी लागायच्या आधीच दिवाळी अंक आणून ठेवावेत. एकेक अंक आता तीन-चारशेला पडतो, म्हणून घरी विचारलं तर 'वाचनालयातले आहेत' म्हणावं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाच्या सुट्टीची वाट लागलेली आहे. त्याचा दोष आपल्याकडे येत नाही. दुसऱ्याचं वाचल्याशिवाय आपलं वेगळेपण कसं कळणार, असं म्हणत पहिला अंक उघडावा. त्यातली लघुकादंबरी मात्र शेवटी ठेवावी. ती चांगली निघाली तर लिहिण्याचं धैर्य जातं आणि भिकार निघाली तर लिहिण्याची निकड.

दुपारी वही काढावी. पहिल्या पानावर कादंबरीचं नाव, दुसऱ्यावर अर्पणपत्रिका. ती कुणाला करावी याचा विचार अंगणात बाज टाकून, डोळे मिटून करावा. मग कयाधूला पूर आणावा. आपल्याकडची कादंबरी कयाधूच्या पुराशिवाय सुरू होऊ नये. नदी डोहाडोहांत आटलेली असली तरी हरकत नाही, वाचक पुण्याचा असतो.

रोजचं उद्दिष्ट ठरवताना नरसीचा आदर्श ठेवू नये. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं हे गाव हिंगोलीपासून जवळच आहे, आणि त्यांचा संकल्प शतकोटी अभंगांचा होता असं सांगतात. पण परंपरा असंही सांगते की त्या कामाला अख्खं घर बसलं होतं, जनाबाईंसकट. आपलं अख्खं घर सोयाबीनच्या सुडीपाशी असतं. मळणीचा हडंबा दारात आला की वडील हाक मारतात, "तुझी कादंबरी काय पळून चालली का? आभाळ भरून आलंय, आधी ताडपत्री धर." अशा वेळी वाद घालू नये. ताडपत्री धरावी, भूस अंगभर घ्यावं आणि हा ग्रामीण अनुभव कुठल्या प्रकरणात घालता येईल, याचा विचार करत रात्री नऊलाच झोपावं.

कुणी साने गुरुजींचं नाव घेईल. त्यांनी 'श्यामची आई' १९३३च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहिली. बरोबर आहे. तुरुंगात हडंबा नव्हता, चकल्या नव्हत्या, भाऊबीजेचे पाहुणे नव्हते. कुणी नेमाड्यांचं काढेल, की 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. आपण चाळिशीत आहोत, तेव्हा ही तुलना मुदतबाह्य झाली, असं सांगून विषय बंद करावा.

तरी लोक ऐकेनात तर नरहर कुरुंदकर पुढे करावेत. जन्म नंदापूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. वाचन अफाट, आणि कादंबरी एकही नाही. उलट रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांनी अशी प्रस्तावना दिली की तीही लोक आवडीने वाचतात. म्हणजे कादंबरी न लिहिताही कादंबरीत शिरता येतं. एवढं वाचलेलं मात्र हवं, ही अट घरी सांगू नये.

इतकं करूनही एखादं प्रकरण चुकून लिहून झालंच, तर घाबरू नये. दिवाळी अंकांचे संपादक मजकूर पावसाळ्यात मागवतात, त्यामुळे यंदाची गाडी गेलेलीच आहे. प्रकरण वहीत ठेवून वही सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी. पुढच्या जूनमध्ये पीक कर्जासाठी ती पिशवी काढावीच लागते, तेव्हा सापडेल. तेव्हा पेरणी चालू असेल.